गाडी नीट झाली की बपेऱ्याला

४ नोव्हेंबर, मंगळवार

आज पुन्हा पेट्रोलचा वास. सकाळी अंगणात आलो तर गाडीखाली ओलं, आणि आई झाडू घेऊन उभी. मला म्हणते, "तुही गाडी मुतली पाय." आईच्या तोंडाला कुलूप नाही.

गाडी माझी म्हणजे तशी सासऱ्याची. लग्नात तेजरामजींनी मांडवासमोर आणून उभी केली होती, हँडलला झेंडूची माळ घालून. तेव्हापासून मी बपेऱ्याला गेलो तो याच गाडीनं गेलो. आमचं आसगाव पवनीकडे आणि बपेरा पार तुमसरच्या पलीकडे, मध्य प्रदेशच्या सीमेला लागून. जिल्ह्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. लोक म्हणतात, बसनं जावं. लोकांचं काय जातं? जावई बसमधून उतरला की सासरवाडीत पहिला प्रश्न, गाडी कोठं आहे? विकली का ठोकली? पाण्याचा गडवा त्यानंतर.

रीता भाऊबीजेला माहेरी गेली. तिचा भाऊ वीरेंद्र टेम्पो घेऊन आला होता. टेम्पो अशासाठी की रीतानं शिलाई मशीनही सोबत नेली. तिकडे आईचे, वहिनीचे ब्लाऊज साचले असतील. सणासुदीला माहेरीसुद्धा बाईला आराम नसतो.

आता पुढच्या गुरुवारी बपेऱ्याची मंडई. दिवाळी झाली की आमच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते, दंडारीचा खेळ होतो, नाटक होतं आणि जावयाला बोलावणं असतं. जायचं, नाटक पाहायचं आणि दुसऱ्या दिवशी बायकोला मागं बसवून परत यायचं. दरवर्षीचा रिवाज आहे. यंदा बोलावण्याचा फोन अजून आला नाही. तेजरामजी धानाच्या कापणीत गुंतले असतील.

गळतं कुठून ते मला माहीत आहे. टाकीखालच्या कॉकपासून कार्बोरेटरपर्यंत रबरी नळी जाते. मध्ये बोटाएवढा प्लास्टिकचा फिल्टर, आणि त्याच्या दोन्ही टोकांना नळी जिथं चढवलेली असते तिथं तारेची क्लिप. त्या सांध्यातून थेंब थेंब येतं. दोन वर्षांपासून येतंय. मी कपड्याचा साबण ओला करून सांध्यावर थापतो आणि काम भागतं. रीता कटकट करायची, साडीच्या काठाला वास लागतो, एक दिवस पेट घेईल, वगैरे. साबण पुन्हा लावायची आठवणसुद्धा तीच करून द्यायची. आज माझा मलाच आठवला, आणि थापला.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

रीताला फोन केला. मागं मशीनचा आवाज चालू होता, म्हणजे ब्लाऊज अजून संपलेले नाहीत. मी म्हणालो, गाडी नीट करतो आणि मंडईला येतो, पिशवी भरून ठेव. मशीनचा आवाज थांबला. मग म्हणाली, "आईले द्या फोन. मी आईसंगच बोलतो."

सासूसुनेचं असं गूळपीठ मी गावात दुसरं पाहिलेलं नाही. आई फोन घेऊन मागे धानाच्या तणसाच्या ढिगाकडे गेली आणि खूप वेळ आली नाही. आली तेव्हा डोळे लाल. विचारलं तर म्हणाली, "कोंडा गेला डोऱ्यात." आणि वारा तर आज पडलेला होता.

जेवताना मीच गंमत केली. म्हणालो, "आई, रीता आली नाही तर मी काही हा हिवाळा काढत नाही, पाहून ठेव." आई भात वाढता वाढता थांबली. चमचा तसाच हातात. मला वाटलं हसेल, पण ती उठून आत गेली.

९ नोव्हेंबर, रविवार

भय्याजीकडे गाडी नेली. बस थांब्याजवळ त्याचं गॅरेज आहे, आणि काम कमी भाषण जास्त. सांध्यावरचा साबण पाहून त्यानं आजूबाजूच्या चार लोकांना बोलावलं. "पाहा हो, गाडी होय का कुडता? साबण लावून धुऊन राहिले!" सगळे हसले. मीही हसलो, करता काय. नवा फिल्टर, नवी नळी, दोन नव्या क्लिपा टाकून झाल्यावर त्यानं सांध्याखाली कागद धरला. कोरडा ठणठणीत. दोन वर्षांचं दुखणं आणि चहा निवायच्या आत बरं झालं.

घरी येऊन धानावर मारायच्या औषधाचा डबा शोधत होतो, कोठ्यात नाही. आई म्हणाली, शेजारच्या कवडूला देऊन टाकला. विहिरीचा नवा दोरही त्यालाच दिला म्हणे. कवडूवर एवढी माया कधीपासून? विचारलं तर उलट मलाच विचारते, "मंडईले नाई गेला तं नाई चालत का?"

मी म्हणालो, बायको तिकडे आहे ना माझी.

"हो," आई म्हणाली. "तिकडंच आहे ते."

१३ नोव्हेंबर, गुरुवार

काय लिहावं? कालच सगळी तयारी झाली होती. टाकी भरली, शर्टाला इस्त्री केली, पवनीहून पेढे आणले. सकाळी अंघोळ करून बाहेर येतो तर गाडीखाली तेलाचा रिकामा डबा, आणि त्यात पेट्रोल. फिल्टरच्या सांध्यातून नळी निघून लोंबत होती. टाकीत उरलं ते तळाशी.

आई म्हणाली, "गळून राहिली होती, म्हणून मी डबा ठेवला. नासाडी कायले?"

आईचं लक्ष असतं म्हणून पेट्रोल तरी वाचलं. बिचारीच्या हातांना वास लागला होता, राखेनं घासत बसली होती. क्लिपही हरवली नाही, ओट्यावर नीट ठेवलेली सापडली. मी ती बसवायला गेलो तर बोटातून सटकून कुठं गेली ती गेलीच. नळी तशीच दाबून पाहिली, पण गाडी सुरू केली की निघायची. भय्याजीच्या गॅरेजला कुलूप. तोही सासरवाडीला मंडईला गेलेला! जगातल्या सगळ्या जावयांच्या गाड्या नीट आहेत, माझीच तेवढी नाही.

दुपारी रीताला फोन करून सांगितलं, येणं होत नाही, गाडी गळाली. ती म्हणाली, "बरं झालं." काळजी असते तिला. गळक्या गाडीवर एवढा रस्ता आलो असतो तर तिचा जीव टांगणीला लागला असता.

पेढे आईपुढे ठेवले. तिनं एकही खाल्ला नाही.

१७ नोव्हेंबर, सोमवार

भय्याजी घरी येऊन गाडी पाहून गेला. म्हणाला, "भाऊ, हे क्लिप आपल्या मनानं निघत नाई. दाबा लागते, तवा निघते."

मी म्हणालो, रस्त्याच्या हादऱ्यानं निघाली असेल.

"उभी गाडी कोनता हादरा खाते?" असं म्हणून त्यानं आईकडे पाहिलं. आई कोंबड्यांकडे पाहत होती. मग त्यानं तारेची क्लिप काढून पेचाची टाकली. स्क्रू ड्रायव्हरशिवाय निघायची नाही, म्हणाला. आईनं जवळ येऊन विचारलं, कोणता पेच, कसा फिरतो. तिला यंत्रातलं कळतं. बाबा गेल्यावर धानाच्या बांधीवरचं डिझेल इंजिन तीच चालवायची. नळ्या काढायची, हवा धरली तर तोंडानं ओढायची. आता वय झालं तरी हौस गेलेली नाही.

माझ्या झेरॉक्सच्या दुकानात दिवसभर दोन गिऱ्हाइकं. सातबारा आणि आधार कार्ड, आसगावात दुसऱ्या कशाची झेरॉक्स निघत नाही. कोपऱ्यातली जुनी मशीन बंद पडून धूळ खात उभी आहे. रीता म्हणायची, हे धूड काढा, त्या कोपऱ्यात मी शिवणकाम मांडते, बाया येतील, दुकानही चालेल. मी म्हणायचो, बघू. दर दिवाळीला विचारायची, आणि मी बघू म्हणायचो. यंदा मात्र तिनं विचारलं नाही. तिलाही पटलं असेल की घाईचं काम नाही.

२२ नोव्हेंबर, शनिवार

उद्या जायचं ठरवलं. मंडई गेली तर गेली, बायकोला आणायला काही मुहूर्त लागत नाही. आईला सांगितलं. ती म्हणाली, "धान चुरायचा आहे." मी म्हणालो, मळणी थांबेल, धान पळून जाणार आहे का? "तिले राहू दे ना अजून." किती राहू द्यायचं? लोक विचारायला लागले आहेत. काल पाण्याच्या टाकीजवळ एक बाई दुसरीला म्हणत होती, लेकरूबाळ नाही, कशाला येते ती परत. मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं, पण घरी येईपर्यंत तेच कानात होतं.

२३ नोव्हेंबर, रविवार

नळी कापली!

क्लिपा जागच्या जागी, पेच घट्ट, आणि मधोमध नळीचे दोन तुकडे. खाली पुन्हा तेलाचा डबा. आई म्हणाली, "उंदीर झाले लय." कोठ्यात धान आला की उंदीर येतातच, खरं आहे. मी पिंजरा आणून गाडीखाली लावला. संध्याकाळी त्यात चिचुंद्री सापडली. तिचं तोंड पाहून वाटलं नाही की हिला रबर आवडत असेल.

राग कोणावर काढायचा? गाडीला लाथ मारली, पायाचं नख काळंनिळं झालं. आईनं हळद लावून दिली. हळद लावता लावता रडायला लागली. मी म्हणालो, अगं, नख आहे, पाय नाही तुटला. तर आणखीच रडली.

मग तिनं मला बसवून वडे केले, खीर केली. सणवार काही नसताना. मी पोटभर खाल्लं आणि वर दुपारभर झोपलो. एवढं दुःख असताना माणसाला झोप कशी येते, कळत नाही.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

रीताच्या साड्या कपाटात नाहीत. आईनं पेटीत भरून डांबराच्या गोळ्या टाकल्या. कसर लागते म्हणाली. कपाटाचा अर्धा भाग रिकामा झाला आणि मला ते दार उघडवत नाही. रीतानं फोनवरचा फोटोही बदलला आहे. आधी आमचा दोघांचा होता, नागझिऱ्याला गेलो होतो तेव्हाचा. आता शिलाई मशीनचा आहे, मशीनला झेंडूचा हार. दसऱ्याचा जुना फोटो सापडला असेल.

१ डिसेंबर, सोमवार

फोन लावला, उचलला नाही. पुन्हा लावला, वीरेंद्रनं उचलला. "ताई कामात आहे, भाऊजी," म्हणाला. मी विचारलं, तुझे बाबा बोलावत का नाहीत? तो म्हणाला, "तुमच्या आईले विचारा ना." आईला विचारलं. आई म्हणाली, "मले काय मालूम?"

माझं कशातच लक्ष लागत नाही. दुकानात बसलो तर शटर पाडावंसं वाटतं, पाडून घरी आलो तर घर खायला उठतं. आज सातबाऱ्याच्या उलट्या बाजूची झेरॉक्स काढून दिली, कोऱ्या कागदाची. लिहायला लाज कसली, मला आज रडू आलं. एका गळक्या नळीपायी माणसाचा संसार अडून राहावा, असं कुठं असतं का?

५ डिसेंबर, शुक्रवार

भय्याजीला म्हणालो, असं काही कर की पुन्हा तुझं तोंड पाहायला नको. त्यानं प्लास्टिकचा फिल्टरच काढून टाकला. वरून जाळी असलेली जाड नळी टाकली, आणि दोन्ही टोकांना पितळेचे आट्याचे, फिरवून बसवायचे जोड. "आता हत्ती ओढल तरी नाई निघत," म्हणाला. मग हळूच म्हणाला, "पन गाडी दोन रोज माह्याइथंच राहू द्या. रविवारी इथूनच निघा."

मी विचारलं, काहून?

"उंदीर हायेत ना तुमच्या घरी."

चांगला माणूस आहे. उगाच मी त्याला भाषणबाज म्हणतो.

पायी घरी आलो. आईनं रिकामं अंगण पाहिलं आणि ओट्यावर बसली. रविवारी जाणार म्हणून सांगितलं तर हात जोडायचेच बाकी ठेवले. "जागू, नको जाऊ रे."

"काहून पण?"

 काहीतरी ओठावर आलं होतं तिच्या. मग म्हणाली, "थंडी लय आहे." आणि आत जाऊन बाबांचं स्वेटर काढून आणलं.

७ डिसेंबर, रविवार

परत आलो आहे. जसं झालं तसं लिहून ठेवतो.

गाडी अशी चालली की काय सांगू. भंडारा गेलं, तुमसर गेलं, एक थेंब नाही, वास नाही. मी वाटेत दोनदा थांबून जोडाला हात लावून पाहिला, कोरडा. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना धानाच्या गंज्या. मी चक्क गाणं म्हणत होतो.

बपेऱ्यात शिरतानाच वीरेंद्रचं दुकान लागतं, खताचं आणि बियाण्याचं. त्याच्या अर्ध्या भागात कापड बेतायचा नवा पाट टाकलेला, नवा पडदा, आणि वर रंगवलेली पाटी, 'रीता लेडीज टेलर्स'. तीन-चार बाया बाकड्यावर बसलेल्या. रीता मशीनवर होती. गळ्यात माप घ्यायची फीत. मला पाहून तिनं पाय थांबवला, बायांना म्हणाली, "थोड्या वेळानं या वो माय."

मला गडवाभर पाणी दिलं. तिनं उभ्या उभ्याच विचारलं, "आई बऱ्या आहेत?"

म्हणालो, बरी आहे. मग म्हणालो, चल, पिशवी भर.

तिनं माझ्याकडे पाहिलं, रागानं नाही. रागानं पाहिलं असतं तर मला काही बोलता आलं असतं. "मी येत नाई म्हणून आईले मंडईच्या आंधीच सांगतलं," ती म्हणाली. "फोनवर लय रडलो आमी दोघी. त्याइनं तुमाले नाई सांगतलं का?"

तणसाचा ढीग, लाल डोळे, कवडूला दिलेला दोर, राखेनं घासलेले हात, सगळं एकदम माझ्यासमोर येऊन उभं राहिलं. मला बसावंसं वाटलं, पण बाकडं लांब होतं.

"सांगितलं ना," मी म्हणालो.

"मंग काहून आले?"

दुसरं काही सुचलंच नाही. म्हणालो, "गाडी नीट झाली. तुला दाखवावी म्हटलं."

रीता बाहेर आली. खरंच आली आणि वाकून तिनं त्या पितळेच्या जोडाला बोट लावलं, बोट नाकाशी नेलं. "हो," म्हणाली, "वास नाई येत आता." तिनं पदराला बोट पुसलं. "लगन झाल्यापासून सात वर्सं मी बोलत होतो. तुमी वाईट नाई हो. पन तुमच्या घरी मी बोलल्यावर कोनाले आयकू जात नव्हतं. आईले जात होतं, पन त्याइच्या हाती काय होतं?"

मी म्हणालो, दुकानातली जुनी मशीन काढतो, उद्याच कोपरा मोकळा करतो.  पडद्याआड अर्धवट शिवलेली कापडं टांगलेली दिसत होती, तिकडे ती पाहत राहिली. तिनं नाही म्हटलं असतं तरी बरं झालं असतं.

तेवढ्यात तेजरामजी आले. राम राम झाला. गाडीची किल्ली मी त्यांच्यापुढे धरली. म्हणालो, ठेवून घ्या, मी बसनं जातो. त्यांनी माझी मूठ मिटवली. "पोरगी आमची होती, ते आमी ठेवून घेतली. गाडी तुमची होय, जवाईबापू. घेऊन जा." त्या परिस्थितीतही जवाईबापू म्हणाले. जेवून जा म्हणाले. मी थांबलो नाही.

परतीचा रस्ता मला आठवत नाही. पुन्हा काही तिला विचारावं असं मनात येत होतं आणि काय विचारावं ते येत नव्हतं. तुमसरजवळ गाडी बाजूला लावून बाबांच्या स्वेटरमध्ये तोंड खुपसून रडलो. आता काही होणार नाही. हे मला स्वच्छ दिसत होतं, आणि असं स्वच्छ मला आजवर काही दिसलेलं नाही.

दिवस मावळता घरी आलो. आई फाटकात उभी होती, केव्हापासून कोण जाणे. तिनं आधी माझ्या मागच्या रिकाम्या सीटकडे पाहिलं नाही, माझ्या तोंडाकडे पाहिलं. मला तिला सांगायचं होतं की सगळं कळलं, तू एवढ्या थंडीत पहाटे उठून त्या नळीशी काय काय केलंस तेही कळलं. पण ती दोन्ही हातांनी माझे दंड चाचपत होती.

म्हणालो, "रीता घरी नव्हती. मावशीकडे गेली म्हणे. पुढच्या रविवारी जाईन."

"हो," आई म्हणाली. "जाजो."

तिनं पाणी दिलं, पाट मांडला, भात वाढला, वरून वरण. माझ्यासमोर बसली. मी दोन घास खाल्ले. मग तिनं पदरानं ताटाची कड उगाचच पुसली आणि खाली पाहत विचारलं, "बारीक झाली का रे ते?"

"नाही," मी म्हणालो. "चांगली दिसते. अंगानं भरली आहे."

आई "बरं" म्हणाली आणि आणखी भात वाढला. मी तो खाल्ला.